वायूचा निरपेक्ष दाब

हवेचा दाब व तिचे आकारमान यांचा संबंध शोधण्यासाठी रॉबर्ट बॉइल याने एक वाकविलेली काचेची नळी वापरली, व १६६२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळीच्या बंद आखूड भुजेत हवा कोंडलेली होती. लांब भुजा उघडी होती. प्रारंभी दोन्ही भुजांतील पारा एकाच पातळीवर होता. लांब भुजेत पारा ओतीत गेल्यावर कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे झाले, तेव्हा दोन पातळ्यांत सुमारे २९ इंचांचे अंतर पडले.

हे अंतर म्हणजेच हवेचा दाब असे मानले, तर प्रारंभीचा दाब शून्य ठरतो. आणि शून्याची दुप्पट शून्यच! मग नियम कसा सापडावा? परंतु उघड्या भुजेतील पाऱ्यावर वातावरणाचा भार असतोच. बॉइलने तोही, सुमारे २९ इंच, हिशेबात धरला. प्रारंभी २९, नंतर ५८: आकारमान निम्मे, दाब दुप्पट.

उघड्या तोंडाचा मॅनोमीटर केवळ दाबांतील फरक दाखवितो. उघड्या भुजेतील पारा २४० मिलिमीटर वर असून वायुभारमापक ७६० मिलिमीटर दाखवीत असेल, तर वायूचा निरपेक्ष दाब १,००० मिलिमीटर होय. डोंगरावर वायुभारमापक ६८० मिलिमीटर दाखवील, तर तेच अंतर ९२० मिलिमीटर दाब दर्शविते. उघड्या भुजेतील पारा खाली असल्यास मात्र अंतर वजा करावे. म्हणून प्रयोगाच्या वेळी दोन्ही उपकरणांचे अंक वहीत शेजारी शेजारी नोंदवावेत.