अपरात्रींचा रिक्षा-थांबा

आगगाडी स्थानकावर पोंचली म्हणजे प्रवास संपला असें होत नाहीं. प्रवासी घराच्या उंबरठ्यावर सुखरूप पोंचेल तेव्हांच तो संपतो. मधलें मैल-दोन मैलांचें अंतर दिवसा कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. रात्रीं बारानंतर मात्र तेंच सर्वांत अवघड होऊन बसतें.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नव्हे. हिंगोली हें १ मे १९९९ पासून जिल्ह्याचें ठिकाण आहे. पूर्णा-अकोला लोहमार्ग रुंद झाल्यावर 'हिंगोली डेक्कन' हें स्थानक दूरदूरच्या शहरांशीं जोडलें गेलें. औंढा नागनाथास जाणारे यात्रेकरू, परगांवीं शिकणाऱ्या मुली, दवाखान्यांत निघालेला रुग्ण, दसऱ्याच्या प्रदर्शनाहून परतणारीं कुटुंबें, यांपैकीं कोणालाही अवेळीं वाहनाची गरज पडते. लहान शहरांत दिवसा माणशीं भाडें देऊन रिक्षा मिळते, कारण ती भरल्यावरच हलते. रात्रीं प्रवासी एकटा. म्हणून रिक्षा 'स्पेशल' करावी लागते आणि तिचा दर अंधारांत, घासाघीस करून ठरतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खरें पाहतां त्याला निवडीची सोयच नसते.

या दुखण्यावरचा उपाय जुना आहे. १६३४ सालीं लंडन येथें कॅप्टन बेली नांवाच्या दर्यावर्दीनें स्ट्रँड रस्त्यावर मेपोलपाशीं भाड्याच्या चार घोडागाड्या उभ्या केल्या. गाडीवानांना त्यानें एकसारखा पोषाख दिला आणि शहराच्या कोणत्या भागासाठीं किती भाडें घ्यावें, हें ठरवून दिलें. ठरलेली जागा, ठरलेला दर आणि ओळखूं येणारा माणूस, या तीन गोष्टींवर चांगला थांबा उभा राहतो. यांतील एक जरी ढळली, तरी थांब्याचा नुसता अड्डा होतो.

आपल्याकडील कायद्यालाही हें मान्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानें, स्थानिक संस्थेचा विचार घेऊन थांब्याच्या जागा नेमण्याचा अधिकार राज्य शासनास व त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यास दिला आहे. ६७ व्या कलमान्वयें शासन भाडें ठरवूं शकतें. आणि नियमाविरुद्ध भाडें नाकारणाऱ्या चालकास १७८ व्या कलमान्वयें दंड होतो.

नकार ही किरकोळ बाब नव्हे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीं दिल्लींत एक तरुणी व तिचा मित्र चित्रपट पाहून निघालीं. द्वारकेपर्यंत रिक्षा मिळेना, म्हणून तीं मुनिरकापर्यंतच रिक्षानें आलीं आणि तेथून प्रवासी घेण्याचा परवाना नसलेल्या एका खासगी बसमध्यें चढलीं. पुढें घडलेलें क्रौर्य सर्वांस ठाऊक आहे. दोष सर्वस्वीं गुन्हेगारांचा. तथापि खात्रीचें वाहन मिळालें नाहीं म्हणजे माणूस बिनखात्रीच्या वाहनाकडे वळतो, हा धडा विसरण्याजोगा नाहीं.

चालकाची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. रात्रीं दूरच्या वस्तींत गेल्यावर परतीचें भाडें मिळत नाहीं. मद्यपी गिऱ्हाईकाची भीति असते. झोप मोडते ती वेगळीच. मुंबईंत मध्यरात्रीपासून पहाटें पांचपर्यंत सव्वापट भाडें घेण्याची मुभा आहे, ती याच कारणास्तव. रात्रीच्या श्रमांचा मोबदला उघडपणें ठरविला, तर तो लपूनछपून उकळण्याची सबब उरत नाहीं. मोठ्या स्थानकांवरील आगाऊ भाड्याच्या खिडकीची रीतही अनुकरणीय आहे. प्रवासी तेथें पैसे भरून चिठ्ठी घेतो, गाडीचा क्रमांक नोंदला जातो. मुक्कामीं उतरल्यावर ती चिठ्ठी चालकास द्यावयाची, आणि ती दाखवूनच त्यानें आपले पैसे घ्यावयाचे. त्यामुळें प्रवासी सुखरूप पोंचण्यांतच चालकाचेंही हित राहतें.

हिंगोलीसारख्या शहरीं खिडकीचा खर्च कदाचित् झेपणार नाहीं. पण एक दिवा, एक फलक आणि एक वही तरी ठेवतां येईल. दिव्याखालीं थांबा असावा. फलकावर बसस्थानक, रुग्णालय, मुख्य वस्त्या व औंढा येथपर्यंतचे दिवसाचे व रात्रीचे मंजूर दर मोठ्या मराठी अक्षरांत असावेत. त्याखालीं ११२ हा मदतीचा क्रमांक असावा. वहींत गाडीचा क्रमांक, चालकाचा बिल्ला, निघण्याची वेळ व जाण्याचें ठिकाण टिपावें. रात्रपाळीच्या चालकांनीं आपसांत पाळी लावून घ्यावी आणि ज्याची पाळी त्यानें जवळचें भाडेंही नाकारूं नये. स्त्री-प्रवाशास गाडींत बसवितांना तो क्रमांक तिच्या घरीं कळविण्याची सोय व्हावी.

अडचण पैशाची कमी आणि कारभाराची अधिक आहे. आवार रेल्वेचें, रस्ता नगर परिषदेचा, परवाना परिवहन खात्याचा, बंदोबस्त पोलिसांचा. अशी बारभाईंची शेती असली म्हणजे दिवा कोणीं लावावा, हेंच ठरत नाहीं. म्हणून या चौघांनीं चालक-संघटनेसह एकदां एकत्र बसून प्रत्येकाचें काम लेखीं वांटून घ्यावें, आणि वही रोज कोणीं तपासावयाची, त्याचें नांव फलकावरच लिहावें. नागरिकांनींही मंजूर दर कुरकूर न करतां द्यावा, अधिक मागितल्यास गाडीचा क्रमांक टिपून तक्रार करावी, आणि नेकीनें वागणाऱ्या चालकाचें नांव चारचौघांत घ्यावें.