देवनागरीची पृष्ठमांडणी व संगणकीय अक्षरजुळणी

पृष्ठमांडणीची कला संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. समास, रकाने व ओळींमधील अंतर यांचे ज्ञान खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्यास हाताच्या सवयीने होत असे. 1985 मध्ये आल्डस कंपनीचे पेजमेकर उपलब्ध झाले आणि हे काम पडद्यावर होऊ लागले. परंतु अशा साधनांतील ठरीव मापे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून योजिलेली होती. म्हणून मराठी विद्यार्थ्याने साधनाची कळ जाणण्यापूर्वी आपल्या लिपीची घडण जाणणे अगत्याचे आहे.

प्रथम ओळींमधील अंतराचा विचार करू. रोमन अक्षर पायरेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर शिरोरेषेस लटकलेले असते. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात. अक्षराखाली उकार येतात आणि काही जोडाक्षरांचे थरही तेथेच लागतात. पेजमेकरमध्ये व 1999 मध्ये आलेल्या इनडिझाइनमध्ये हे अंतर आपोआप अक्षराच्या मापाच्या 120 टक्के धरले जाते. म्हणजे 12 पॉइंटांच्या अक्षरास 14.4 पॉइंट. देवनागरीच्या अनेक फाँटांस ते अपुरे पडते. ‘शत्रू’ हा शब्द वरच्या ओळीत व ‘कीर्ती’ हा त्याच्या बरोबर खाली जुळवून कागदावर छापून पाहावा. उकार व रफार एकमेकांस भिडत असल्यास अंतर वाढवावे. एकाच पॉइंटाचे दोन फाँट लहानमोठे दिसत असल्याने प्रत्येक फाँटाची ही कसोटी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न आडव्या अंतराचा. रोमन मथळ्यांतील अक्षरे विरळ करून शोभा आणता येते. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते. मथळा उठावदार करावयाचा तर अक्षराचा आकार किंवा ठळकपणा वाढविणे इष्ट. प्रत्ययांमुळे मराठी शब्द लांबतात. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ राखल्या की शब्दांमध्ये पांढरी भगदाडे पडतात. तेव्हा रकाना रुंद करावा किंवा उजवी कड मोकळी सोडावी.

तिसरा प्रश्न डोळ्यांस दिसत नाही, परंतु त्याचे परिणाम दूरवर पोचतात. जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे अवयव बसविलेले असत. छापलेले पान निर्दोष दिसे. पण फाँट बदलताच मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. अशा धारिकांत शब्दाचा शोध घेता येत नाही व पुनर्मुद्रणाच्या वेळी रूपांतर करावे लागते. युनिकोडने 1991 मध्ये देवनागरीस स्वतंत्र संकेत दिले, त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर कायम राहतो. मात्र इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ जुळणीचा पर्याय निवडला नाही, तर वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. जुना मजकूर रूपांतरित करताना मुद्रितशोधन विशेष दक्षतेने करावे. ‘आचाऱ्यास’ याचे ‘आचार्यास’ झाले, तर स्वयंपाक्याचा गुरू होतो.

ही मापे एकदा निश्चित झाली की परिच्छेदशैलीत व आधारपृष्ठावर नोंदवावी. मग तीनशे पानांच्या ग्रंथातही अंतर बदलणे एका ठिकाणच्या दुरुस्तीने साधते. हा क्रम ज्याने अंगी बाणविला, त्यास एक आज्ञावली सोडून दुसरी शिकणे फारसे जड जात नाही.