आखाजीची घागर आणि उंबरठ्यावरची नावे



आपल्या शाळेतील बऱ्याच मुलांची मूळ गावे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत ही कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या घरी आखाजी म्हणतात. देशावर व कोकणात पितरांची आठवण मुख्यतः भाद्रपदातील पितृपक्षात होते. खानदेशात पितृपक्ष पाळतातच, पण आखाजीलाही पितरांचा मोठा मान आहे. मुलांना मात्र हा दिवस सोने घेण्याचा म्हणून जास्त माहीत आहे. वर्तमानपत्रांतील सराफांच्या पानभर जाहिराती पाहता त्यांचा दोष नाही.

आखाजीला कुंभाराकडची नवी घागर आणतात. ती पाण्याने भरतात, तिच्यावर मातीचेच लहान भांडे ठेवतात आणि त्यावर खरबूज, आंबा, सांजोऱ्या मांडतात. यालाच घागर भरणे म्हणतात. पुरणपोळी, आमरस, कुरडया यांचा नैवेद्य होतो आणि विस्तवावर पितरांच्या नावाने घास टाकतात. त्याआधी घरातील कर्ता माणूस उंबरठ्याची पूजा करतो. कुंकवाचे एक बोट उमटवायचे आणि एका पूर्वजाचे नाव घ्यायचे, दुसरे बोट, दुसरे नाव. मला या सणातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पाणीच का? वैशाखात खानदेशात पारा ४२-४४ अंशांवर जातो, विहिरी तळाला जातात. अशा दिवसांत भरलेल्या घागरीहून मोठे दान कोणते? या दिवशी दिलेले कधी सरत नाही, म्हणून ते ‘अक्षय’, अशी श्रद्धा आहे. विद्यार्थ्यांनी नकाशात तापी नदी पाहावी. भुसावळजवळून वाहणारी तापी पुढे आपल्या सुरतेत येते आणि शहराच्या नळाचे पाणीही तापीचेच आहे. म्हणजे येथे भरलेली घागर परक्या पाण्याची नाही.

पूर्वी खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजी ते आखाजी असे. जुने साल संपले, नवे ठरायचे, त्यामुळे गाव मोकळे असे. लेकी माहेरी येत, झाडाला झोके बांधले जात, गौराईची गाणी होत. (पुरुषमंडळी पत्त्यांचे डावही मांडत. ती प्रथा सुरतेपर्यंत आणायला नको होती.) सुरतेत असे मोकळेपण नाही. मागावर बारा तासांची पाळी असते आणि तिथीप्रमाणे सणाची तारीख दरवर्षी सरकते. २०२३ साली आखाजी २२ एप्रिलला आली, २०२४ साली १० मे रोजी, २०२५ साली ३० एप्रिलला. कधी परीक्षेचे दिवस, कधी सुट्टी. गावी जाणे जमतेच असे नाही. मग घागर येथेच भरली जाते. भाड्याच्या खोलीला उंबरठा नसला तर दाराजवळच्या फरशीवर बोटे उमटतात. काही घरांत गावाकडचे आजोबा फोनवर एकेक नाव सांगतात आणि मुलगा येथे बोट लावतो. शास्त्रात हे बसते की नाही, या वादात मी पडणार नाही. नाव घेतले जाते, हे मला पुरेसे आहे.

२०२० व २०२१ च्या आखाजीला गावी जाणे कोणाला शक्य नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये सुरतेच्या स्मशानभूमी रात्रंदिवस चालू होत्या. त्या वर्षीची आखाजी १४ मे रोजी होती. ज्यांचे माणूस महिन्याभरापूर्वी गेले होते, ज्यांना शेवटचे दर्शनही झाले नव्हते, अशा घरांत शेजारीपाजारी न बोलावता घागर भरली गेली. त्या घरांतील तेव्हाची लहान मुले आज आपल्याच वर्गांत बसतात. त्यांना हा दिवस सोन्याचा म्हणून शिकवणे मला बरे वाटत नाही.

खरी काळजी नावांची आहे. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. आमच्या मुलांना आजोबांचे नाव येते, पणजोबांच्या नावाला ती अडखळतात आणि पणजीचे नाव तर पुष्कळदा वडिलांनाही ठाऊक नसते. सगळा गाव तिला अमक्याची आई म्हणूनच हाक मारत असे. उंबरठ्यावर तिचे बोट उमटवायचे, तर नाव काय घ्यायचे? ते सांगू शकणारी एखादी वृद्ध आत्या किंवा काकू गावी अजून असेल. तिला विचारण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

म्हणून इयत्ता चौथी व पुढील विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीचा गृहपाठ असा: वडिलांकडील व आईकडील तीन पिढ्यांची नावे घरी विचारून वहीत लिहावीत. स्त्रियांचे माहेरचे व सासरचे नाव वेगळे असल्यास दोन्ही लिहावीत. गावही लिहावे. जे नाव मिळाले नाही, तेथे अंदाजाने काही लिहू नये, जागा मोकळी ठेवावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गशिक्षक वह्या पाहतील.