सख्खा भाऊ, पक्का वैरी

समजा, कोळ्याच्या जाळ्यात एक फुलपाखरू अडकलंय. त्याची सुटायची धडपड चाललीय आणि कोळी टपून बसलाय. तुम्ही काय कराल?

एक मुलगा फुलपाखराला अलगद सोडवायला हात पुढे करतो. तेवढ्यात त्याचा जुळा भाऊ येतो आणि कोळ्याला चिरडून टाकतो. झालं! फुलपाखरू वाचलं, विषय संपला. पहिला मुलगा मात्र हादरतो. त्याला दोघांनाही वाचवायचं होतं. भावाला यात रडण्यासारखं काहीच दिसत नाही. फुलपाखरं सोडवत बसलास तर कोळी उपाशीच मरणार, मग दोघं वाचणार कसे, हा त्याचा साधा हिशोब.

पहिला वॅश, दुसरा नाइव्ह्ज. 'ट्रायगन' या अ‍ॅनिमेच्या सतराव्या एपिसोडमधला हा प्रसंग. खरं सांगा, वादात कोण जिंकलं? नाइव्ह्जच ना? आणि इथेच ही गोष्ट नेहमीच्या हिरो-व्हिलन मामल्यापेक्षा वेगळी होते.

यासुहिरो नाइटो यांची 'ट्रायगन' ही मांगा १९९५मध्ये सुरू झाली. मॅडहाउस स्टुडिओने १९९८मध्ये तिच्यावर २६ एपिसोड्सची मालिका केली. २०२३च्या 'ट्रायगन स्टँपीड'मुळे नव्या पिढीला वॅश भेटला, पण आपण बोलतोय ते जुन्या मालिकेबद्दल. (स्पॉयलर अलर्ट! पुढे शेवटासकट सगळं आहे.)

वॅशची ओळख काय, तर वाळवंटी ग्रहावरचा मोस्ट वाँटेड माणूस. डोक्यावर सहा हजार कोटी 'डबल डॉलर'चं बक्षीस. तो जाईल तिथे एवढी मोडतोड होते, की नुकसानभरपाई देऊन टेकीला आलेली विमा कंपनी मेरिल आणि मिली या दोघींना त्याच्या मागावर पाठवते. प्रत्यक्षात हा गडी निघतो डोनट्सवर जीव टाकणारा, पटकन डोळ्यांत पाणी येणारा, पोरांमध्ये पोर होणारा. बंदुकीचा नेम अचूक, पण कुणाचा जीव घ्यायचा नाही हा नेम त्याहून पक्का. त्याची किंमत त्याच्या अंगावर दिसते. शर्ट काढला की सगळं शरीर जखमांच्या वणांनी भरलेलं आणि डावा हात कृत्रिम.

आता नाइव्ह्जकडे बघा. एकाच वेळी जन्मलेले हे दोघं माणसं नाहीत. माणसांना ऊर्जा पुरवणाऱ्या 'प्लांट' नावाच्या जिवांपासून ते जन्मले. पृथ्वी सोडून निघालेल्या अंतराळयानावर रेम नावाच्या बाईने दोघांना सारखीच माया लावली. यानावरच्या स्टीव्हचा मारही दोघांनी खाल्ला. घर एक, आईसारखी माणूस एक, जखमही एकच. पुढे दोघांच्या हातातली रिव्हॉल्व्हरसुद्धा जोडीची, एक चंदेरी आणि एक काळी.

नाइव्ह्जने त्यातून निष्कर्ष काढला की माणूस म्हणजे कोळी, आणि कोळी चिरडायचा असतो. त्याने यानांचा अख्खा ताफा ग्रहावर कोसळवायचा घाट घातला. रेमने दोन्ही मुलांना सुटकेच्या यानात बसवलं आणि स्वतः उरलेल्या लोकांना वाचवायला मागे थांबली. जाताना तिने वॅशला काय सांगितलं? नाइव्ह्जला सांभाळ. ज्याच्यामुळे ती मरणार होती, त्यालाच!

हरवायचं नाहीये, पटवायचंय

एक गोष्ट नीट बघा. नाइव्ह्जला वॅशला मारायचं नाही. मारायचं असतं तर संधी भरपूर होत्या. त्याला वॅशकडून कबुली हवी आहे, की बाबा रे, तुझंच बरोबर होतं. आरशातल्या व्हिलनचं हेच दुखणं असतं. त्याच जखमेतून गेलेला दुसरा कुणी अजून हळवा राहिलाय, म्हणजे आपल्यालाही दुसरा रस्ता होता. ते सहन होणार कसं?

म्हणून तो लेगाटोला पाठवतो. लेगाटो गावातल्या माणसांची मनं ताब्यात घेतो आणि वॅशसमोर पेच टाकतो. मला मार, नाहीतर मेरिल आणि मिली मरतील. चोविसाव्या एपिसोडमध्ये वॅश गोळी झाडतो. आयुष्यभर पाळलेलं व्रत एका क्षणात मोडतं. वॅशचा मित्र वुल्फवूड त्याला आधीपासून सांगत होता, की कधी ना कधी तुला निवड करावी लागेल. ती वेळ येते तेव्हा वुल्फवूड जिवंत नसतो.

नाइव्ह्ज जिंकला का मग? वॅश पार कोसळतो. एकदा मारलंच आहे तर आता काय, असं मात्र तो म्हणत नाही. शेवटच्या एपिसोडमध्ये भावांची समोरासमोर गाठ पडते. वॅश त्याला जखमी करून हरवतो, जीव घेत नाही. आपला लाल कोट मागे टाकून भावाला खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. रेमने सांगितलं होतं ना, सांभाळ म्हणून!

आपल्यातला नाइव्ह्ज

हे सगळं आपल्या कट्ट्यावर कशाला? तर नाइव्ह्जची वाक्यं आपण रोज ऐकतो. 'आमच्या सीनिअर्सनी आम्हाला पिळलं, आता आमची पाळी.' 'मला एकदा फसवलंय, आता मी कुणाचाच विचार करणार नाही.' 'जग असंच आहे बॉस.' यातली जखम खरी असते, म्हणून तर वाक्य पटतं. पण हॉस्टेलच्या त्याच खोलीत, त्याच सीनिअर्सचा त्रास सोसलेला एखादा मुलगा फर्स्ट इयरच्या पोरांना मेसची वेळ सांगतो, नोट्स देतो आणि रात्री कुणी त्यांना त्रास देत असेल तर मध्ये उभा राहतो. जखम दोघांची तीच.

आणि चांगुलपणा म्हणजे मुकाट्याने सोसणं, असंही कुणी समजू नये. वॅश लढतो, अडवतो, समोरच्याच्या हातातलं हत्यार उडवतो. रॅगिंग होत असेल तर तक्रार करणं हेही हत्यार उडवणंच आहे. तक्रार केलीत म्हणून तुम्ही नाइव्ह्ज होत नाही. पुढच्या वर्षी तेच हत्यार उचलून ज्युनिअरवर रोखलंत, तर मात्र विचार करा.

फुलपाखरू आणि कोळी दोघांना कसं वाचवायचं, याचं उत्तर 'ट्रायगन' शेवटपर्यंत देत नाही. वॅशलाही ते सापडत नाही, तो फक्त प्रश्न सोडत नाही. सव्वीस एपिसोड्स आहेत, सबमिशन्स संपली की बघून टाका. आणि मधेच कुठेतरी नाइव्ह्जचं म्हणणं पटायला लागलं तर घाबरू नका. मालिका तिथे तुम्हालाच विचारत असते, तुमच्या जखमेचं तुम्ही काय करणार?