दोन उन्हाळे पाहणारा पक्षी

जायकवाडी किंवा उजनी धरणाच्या पाण्यावर एक राखाडी पक्षी भिरभिरताना पुष्कळांनी पाहिला असेल. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपटी मधोमध दुभंगलेली. हा नदी सुरय. त्याचाच एक भाऊबंद उत्तर ध्रुवाजवळच्या थंड मुलखात जन्म घेतो. त्याचे नाव आर्क्टिक सुरय. आपल्याकडे तो सहसा फिरकत नाही. पण त्याची कहाणी घरातल्या लहानथोरांनी ऐकावी अशी आहे.

या पक्ष्याचे वजन जेमतेम १०० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढे! विणीच्या दिवसांत त्याची चोच आणि पाय लालभडक असतात. पाय इतके आखूड की त्याला धड चालताही येत नाही. पंख मात्र लांब व निमुळते. त्याचे सारे बळ पंखांत.

ग्रीनलंड, आइसलंड, उत्तर युरोप, रशिया, अलास्का आणि कॅनडा येथे उन्हाळ्यात हे पक्षी थव्याने घरटी करतात. घरटे कसले, जमिनीतला एक खळगा! नर मादीला मासा आणून देतो. मग त्या खळग्यात बहुधा दोन अंडी पडतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे तीन आठवडे ती उबवतात. घरट्याजवळ कोणी गेलेच, तर हा चिमुकला जीव माणसाच्याही डोक्यावर चोच मारतो. म्हणून इंग्लंडच्या फार्न बेटांवर जाणाऱ्यांना डोक्यावर टोपी घालण्यास सांगतात.

उन्हाळा सरताच हा पक्षी दक्षिणेकडे निघतो तो थेट अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रापर्यंत. उत्तरेत हिवाळा असतो तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला वर्षात दोन उन्हाळे येतात. त्याच्याइतका सूर्यप्रकाश दुसरा कोणताही प्राणी पाहत नसावा.

फार्न बेटांवर १९८२ च्या उन्हाळ्यात एका पिल्लाच्या पायात खुणेचे कडे अडकवले होते. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नला आढळले! पुढे शास्त्रज्ञांनी ग्रीनलंड व आइसलंडमधील पक्ष्यांच्या पायांना दीड ग्रॅमहून हलकी यंत्रे बांधली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे पक्षी वर्षाला सरासरी ७०,९०० किलोमीटर उडतात, म्हणजे पृथ्वीभोवती जवळजवळ पावणेदोन फेऱ्या. काही पक्षी ३० वर्षांहून अधिक जगतात. तेवढ्या आयुष्यातला प्रवास मोजला, तर चंद्रावर जाऊन परत येण्याच्या जवळजवळ तीन खेपा होतील.

एवढेसे पाखरू हे साधते कसे? एक म्हणजे ते सरळ रेषेत जात नाही. परतीच्या वाटेवर ते अटलांटिक महासागरावरून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे मोठे वळण घेते. वाट लांबते, पण वारा पाठीशी राहतो. दुसरे म्हणजे दक्षिणेकडे जाताना उत्तर अटलांटिकच्या मध्यावर ते सुमारे महिनाभर थांबते. तेथे भरपूर खाऊन घेते आणि मगच पुढचा पल्ला गाठते.

मात्र पोटाला मिळाले नाही, तर पंखांचे बळही व्यर्थ ठरते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ १९८० नंतरच्या दशकात सँडईल नावाचे बारीक मासे फार कमी झाले. हीच पिल्लांची शिदोरी. परिणामी कित्येक वर्षे तेथील बहुतेक पिल्ले उडण्याच्या वयाला पोहोचलीच नाहीत. अखेर १९९१ मध्ये तेथील सँडईलची मासेमारी काही काळ बंद करावी लागली. २०२४ मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्रातील आपल्या इंग्लंडकडील पाण्यात आणि स्कॉटलंडच्या पाण्यात या मासेमारीवर बंदी घातली.

पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या या पाखराला वादळवारे अडवू शकले नाहीत. पण घरट्याजवळचा बोटभर मासा संपला, तर त्याच्या पिल्लाचा प्रवास सुरूच होत नाही.