टाचेमागची कंडरा आणि युलिमारची उडी

या, जरा सरकून बसा, आज व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासची गोष्ट सांगतो. 192 सेंटिमीटर उंचीची ही बाई गरिबाघरची, खेळायचं होतं व्हॉलीबॉल, पण पाय निघाले तिहेरी उडीचे.

तिहेरी उडी म्हणजे कसं, तर वाऱ्यासारखं धावत यायचं, ज्या पायानं उडायचं त्याच पायावर उतरायचं, म्हणजे आपली लंगडीच की, मग दुसऱ्या पायावर लांब ढांग टाकायची आणि तिथून थेट वाळूत. तळ्यात चपटी खापरी फेकून तुम्ही भाकऱ्या काढता, तेव्हा दर टप्प्याला तिचा वेग घटतो ना, तसंच इथं. उतरताना जिचा वेग कमी सांडेल ती लांब जाते. आणि उतरताना त्या एकट्या पायावर भार किती, तर अंगाच्या वजनाच्या दहापटीहून जास्त! तो पेलायला निसर्गानं टाचेमागं जाड कंडरा दिलीय, चिमटीत धरून बघा आपापली. ती क्षणभर ताणते, जोर साठवते आणि लगेच परतही करते.

या पोरीनं धिटाई अशी केली, की क्यूबाचा लांब उडीतला ऑलिंपिक विजेता इव्हान पेद्रोसो याला फेसबुकवर गाठलं आणि शिकायला थेट स्पेन गाठलं. 2016 ला रिओत रौप्य मिळालं, आणि 2021 ला टोकियोत सोनं, तेही 15.67 मीटर उडून! आधीचा 15.50 मीटरचा विक्रम युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सचा, 1995 च्या ऑगस्टातला, आणि युलिमार जन्मली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे विक्रमच तिच्याहून दोन महिन्यांनी थोरला. टोकियोच्या पुढच्या वर्षी बेलग्रेडला बंदिस्त मैदानात ती 15.74 मीटर गेली. 2017 ते 2023 मैदानी जगज्जेतेपद सलग चारदा तिचंच, आणि त्यातलं बुडापेस्टचं तर अगदी शेवटच्या उडीत खेचून आणलेलं.

मग 2024 च्या एप्रिलात नेमकी ती कंडराच दुखावली. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचा, म्हणून ती सावकाश भरते. पॅरिसचं ऑलिंपिक हुकलं. पण 2025 ला टोकियोच्याच जागतिक स्पर्धेत 14.76 मीटर उडून तिनं कांस्य मिळवलं. सोन्याची पदकं तिच्याकडे ढीगभर आहेत, तरी मला कौतुक या कांस्याचंच जास्त, कारण दुखावून भरलेल्या कंडरेनं पुन्हा तो सगळा भार झेलला, आणि झेलून परत दिला.