आजीचं गोंदण आणि गरम पाण्याचं कुंड

जांब समर्थच्या एका बचत गटाच्या बैठकीत उनकेश्वरच्या सहलीचा विषय निघाला. गाडीभाडं ठरलं, डबे ठरले. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "पण आजीला कुंडात उतरू देतील का? तिचे दोन्ही हात गोंदलेले आहेत." जपानात गोंदलेल्या माणसाला गरम पाण्याच्या हौदात घेत नाहीत, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. सगळ्या हसल्या, आजीही हसली. पण हसता हसता तिनं पदर हातावर ओढून घेतला. म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी आजीच्या प्रश्नाचं उत्तर. उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी आहे. शरभंग ऋषींचं दुखणं बरं व्हावं म्हणून रामानं बाण मारला आणि गरम पाणी वर आलं, अशी तिथली कथा. शास्त्र असं सांगतं, की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, आणि येताना खडकातले क्षार घेऊन येतं. काही ठिकाणी त्याला गंधकाचा वास येतो तो त्यामुळेच. पालघर-ठाण्याकडची वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आणि कोकणातली उन्हाळी ही त्याच जातीची. आपल्याकडं कुंडावर गोंदण आड येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोंदलेल्या बायाच तिथं अंघोळ करत आल्या आहेत.

मग जपानात असं का? तिथं गरम झऱ्याला 'ओन्सेन' म्हणतात. जुन्या काळी तिथं गुन्हेगाराच्या अंगावर शिक्षा म्हणून खूण गोंदत. 1872 साली सरकारनं गोंदण्यावर बंदी घातली, ती 1948 पर्यंत राहिली. पुढं 'याकुझा' नावाच्या गुंडांच्या टोळ्या पाठभर चित्रं गोंदवून घेत. ते हौदात आले की बाकीचे लोक घाबरत. म्हणून दारावर पाट्या लागल्या: गोंदलेल्यांना प्रवेश नाही.

पण या नियमात गुंडांसोबत दुसरेही भरडले गेले. जपानच्या उत्तरेला ऐनू नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्या बायका ओठांभोवती आणि हातांवर गोंदत. दक्षिणेला ओकिनावा बेटांवर बायकांच्या हातांच्या पाठीवर गोंदण असे, अगदी आपल्या आज्यांसारखं. ऐनूंच्या गोंदण्यावर 1871 मध्ये आणि ओकिनावात 1899 मध्ये बंदी आली. ज्या हातांचं कौतुक व्हायचं, तेच हात बायकांना लपवावे लागले. 2013 साली न्यूझीलंडच्या माओरी समाजाची एक बाई होक्काइदोला आली होती. तिच्या चेहऱ्यावर तिच्या कुळाचं गोंदण होतं. तिलाही ओन्सेनच्या दारातून परत पाठवलं. त्यावर जपानातच बरीच चर्चा झाली. 2015 मध्ये तिथल्या पर्यटन खात्यानं पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी 56 टक्के ठिकाणी गोंदलेल्यांना मनाई होती, 31 टक्के ठिकाणी मोकळीक होती, आणि बाकी बहुतेक ठिकाणी गोंदण झाकलं तर चालत होतं.

आपल्या पोरी आता नर्सिंग शिकतात, परदेशी जातात. कुणी जपानला गेलीच, तर आधी फोन करून विचारावं. लहान गोंदण असेल तर त्यावर चिकटपट्टी लावता येते. घरच्यापुरता वेगळा हौद तासावर भाड्यानं मिळतो, तिथं कुणी अडवत नाही. आणि त्यांची एक रीत आपणही घ्यावी. आधी बाहेर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, मगच हौदात उतरायचं. कुंडात साबण, शाम्पू, कपडे धुणं नाही. तेच पाणी मागून येणाऱ्यांना वापरायचं असतं.

आता तब्येतीचं. गोंदणाचा रंग कातडीच्या वरच्या थरात नसतो, त्याच्या खालच्या थरात असतो. म्हणून जुनं गोंदण गरम पाण्यानं जात नाही, की त्यानं त्रासही होत नाही. ताजं गोंदण मात्र जखमच असते. ते पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, कुंड, तळं, नदी, विहीर टाळावी. कुंडात दहा-पंधरा मिनिटं पुरेत. बाहेर आल्यावर पाणी प्यावं. गरोदर बाईनं, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणारीनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. साखरेच्या आजारात पायाला चटका कळत नाही, म्हणून आधी कोपरानं पाणी पाहावं. खरूज-नायट्यावर नुसत्या कुंडाच्या भरवशावर राहू नये, दवाखाना सोडू नये.

शेवटचं पोराबाळांसाठी. जत्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदलं, तर कावीळ 'ब', कावीळ 'क' आणि एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याला लागू शकतात. सुई नवी हवी, पुडकं आपल्या डोळ्यांसमोर फोडलेलं हवं, रंगही ताज्या वाटीत काढलेला हवा. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या पोरांनी तर आधी नियम वाचावा. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ, एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. आदिवासी मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. हौसेनं दंडावर नाव गोंदवलं आणि भरतीत बाद झाला, असं आपल्या घरात होऊ नये. लेझरनं काढता येतं, पण बऱ्याच खेपा लागतात, पैसा लागतो आणि डाग राहू शकतो.

आज्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. लहानपणी धरून बसवलं आणि गोंदलं. मेल्यावर सोबत येणारा हा एकच दागिना, असं सांगितलं. आता पोरीला विचारा. ती हो म्हणाली तर नव्या सुईनं, नाही म्हणाली तर नाही.

आणि आजी, तुम्ही पदर मागं सारून खुशाल कुंडात उतरा. हातावरची तुळस कुणी गोंदली, तेव्हा किती रडलात, ते पोरींना तिथंच काठावर बसून सांगा.